चिरंजीवांचे चालू खाते

मुलगा कितीही लांब असला तरी आईच्या काळजाला सगळं कळतं, असं म्हणतात. माझ्या काळजाला काहीही कळत नाही. मला बँक कळवते.

चिरंजीव शाळेत असताना शिष्यवृत्तीच्या पैशांसाठी त्यांचं खातं काढावं लागलं. फॉर्मवर मोबाइल नंबर माझा घातला. पुढे ते अठरा वर्षांचे झाले, केवायसी नव्यानं झालं, मिसरूड फुटलेला फोटो लागला, सही बदलली. नंबर मात्र माझाच राहिला. ही गोष्ट त्यांच्या बरेच दिवस ध्यानात आली नाही, कारण त्यांच्या वयाची मुलं एसएमएस वाचत नाहीत. मी वाचते. मी एका पतसंस्थेत रोखपाल आहे. समोर नोंद आली की ती वाचल्याशिवाय माझा हात पुढे सरकत नाही.

चिरंजीव पुण्यात मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहेत. आम्ही कराडला. मध्ये साधारण 160 किलोमीटर आणि खंबाटकीचा घाट. पण मोबाइल उशाशी ठेवून झोपलं की हे अंतर काही उरत नाही. रात्री एक वाजून बारा मिनिटं, 20 रुपये खर्ची. हा चहा, दोघांचा. एक पन्नास, 60 रुपये. ही बहुधा मॅगी. दोन चाळीस, पुन्हा 20. मग शांतता. मला वाटतं, झोपलं बिचारं पोर. माझाही डोळा लागतो न लागतो तोच चार पस्तीस, 35 रुपये. एवढ्या पहाटे पुण्यात कुठलं दुकान उघडं असतं, म्हणून ऑफिसातल्या एकीच्या भाचीला फोन करून विचारलं. ती म्हणाली, ‘काकू, नळ स्टॉपचे पोहे! पहाटेच मिळतात.’

सासूबाईंना हे कळल्यावर फार आनंद झाला. नातू पहाटे साडेचारला उठून, आवरून, पोह्यांचा नाश्ता करून अभ्यासाला बसतो, हे त्यांनी गल्लीत तीन घरी सांगितलं. नातू उठलेला नाही, तो अजून झोपायचाय, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांची रक्तदाबाची गोळी नुकतीच बदलली होती.

सकाळी साडेअकराला मी फोन करते. तो उचलत नाही. बाराला पुन्हा करते. मग घोगऱ्या, दबक्या आवाजात उत्तर येतं, ‘अगं आई, लेक्चर चालू आहे.’ असेल बापडं. पण वर्गातल्या पंख्याला असा एका पात्याचा खडखडाट नसतो, आणि फ्लुइड मेकॅनिक्सच्या तासाला मागे कुकरची शिट्टी होत नाही. मी विचारते, ‘कितवी शिट्टी?’ पलीकडून कुणीतरी दुसराच ओरडतो, ‘तिसरी, काकू!’ हा लातूर.

लातूर हे गाव नव्हे, मुलगा आहे. चिरंजीवांच्या खोलीत चौघं राहतात. सदाशिव पेठेत ‘कॉट बेसिस’ अशी पाटी पाहून शिरलेले हे चौघं एकमेकांना जिल्ह्याच्या नावानंच हाका मारतात. लातूर, जळगाव, नांदेड आणि आमचा सातारा. त्यामुळे फोनवर ज्या बातम्या येतात त्या ऐकून कुणाला वाटावं, मी आकाशवाणीचं प्रादेशिक बातमीपत्र ऐकतेय. ‘नांदेडला ताप आहे.’ ‘जळगावनं या महिन्याचं भाडं दिलं नाही.’ ‘लातूरला आंघोळीला पाणी उरलं नाही.’ या शेवटच्या बातमीला तर सासूबाई हळहळल्या. म्हणाल्या, ‘तिकडे कायमचंच आहे गं ते.’ लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं होतं, ते त्यांच्या पक्कं लक्षात आहे. आत्ताच्या टंचाईचं कारण मात्र सातारा आधी आंघोळीला गेला होता, एवढंच होतं.

बँकेच्या मेसेजांमध्ये मला सर्वांत आवडते ती जमेची बाजू. ती अशी असते: जमा 17 रुपये 33 पैसे. पाच मिनिटांनी पुन्हा जमा 17 रुपये 33 पैसे. म्हणजे तिघांनी मिळून 52 रुपयांचं काहीतरी खाल्लं, पैसे आमच्यानं भरले आणि बाकीच्या दोघांनी आपापला हिस्सा दशांश चिन्हासकट पाठवला. मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या कॅशमध्ये नाण्यांची थैली असायची. 2011 च्या जूनअखेर पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी चलनातून गेली. पन्नास पैसे कायद्यानं अजून चालतात, पण ते भाजीवालीला देऊन बघा. पैसा म्हणून जे काही होतं ते संपलं, असं मी धरून चालले होते. 2016 ला यूपीआय आलं आणि या पोरांनी पैसा परत आणला; रुपया तेवढा त्यांच्याकडे टिकत नाही. बावन्नला तिनानं भागल्यावर एक पैसा वर राहतो, तो कुणाच्या अंगावर पडतो हे मी तपासलं. बिल भरणाऱ्याच्या. आणि बिल भरणारा बहुतेक वेळा आमचा असतो.

सतरा रुपये तेहेतीस पैशांसाठी मित्राला तीन वेळा आठवण करणारे हेच गृहस्थ परीक्षेचा फॉर्म मुदत संपल्यावर भरतात, आणि विलंब शुल्काचा मेसेज मला भरदुपारी, कॅशसमोर रांग असताना येतो. त्याबद्दल विचारलं तर म्हणाले, ‘साइट डाउन होती.’ साइट तीन आठवडे डाउन होती काय? तर म्हणाले, ‘नाही, शेवटच्या रात्री डाउन होती.’ बाकीचे वीस दिवस ती चालू होती, या मुद्द्याला त्यांच्या लेखी महत्त्व नाही.

आता परीक्षांविषयी. ह्या विषयात आमचं घर बरंच तयार झालं आहे. सत्राच्या मध्यात इन-सेम होते 30 मार्कांची, शेवटी एन्ड-सेम 70 ची. दोन्ही मिळून 40 झाले की विषय सुटला. हा नियम ज्या कुणी केला त्यानं तो मुलांच्या सोयीसाठी केला असेल. चिरंजीवांनी त्यातून एक गणित काढलं. इन-सेमला 18 पडले की 70 पैकी 22 पुरतात. त्यामुळे पुढचे दोन महिने आमच्या घरात 22 या आकड्याखेरीज दुसरा आकडा नाही. ‘बावीसचं झालंय माझं’, ‘बावीसपुरतं दोन युनिट करतो’, ‘बावीस कुठं जात नाहीत’. उरलेले 48 मार्क कुणासाठी ठेवलेत, असं ह्यांनी एकदा विचारलं. चिरंजीवांनी ज्या नजरेनं वडिलांकडे पाहिलं, त्या नजरेनं आमच्याकडे व्याजदर विचारणाऱ्या नव्या ठेवीदाराकडे शिपाई बघतो.

एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, याचं नाव आमच्या घरात देवीच्या साथीचं नाव घ्यावं तसं हळू आवाजात घेतात.

परीक्षेच्या आधी जी सुट्टी मिळते तिला मुलं पीएल म्हणतात. अभ्यासासाठी दिलेली रजा. चिरंजीव पीएलला घरी येतात. सोबत दोन बॅगा. एकीत कपडे, महिन्याभराचे, न धुतलेले. या कपड्यांबद्दल सगळ्या आयांनी सगळं बोलून झालंय, म्हणून मी फक्त एकच सांगते. ते सगळे टी-शर्ट आहेत आणि प्रत्येकाच्या पाठीवर काहीतरी पद छापलेलं आहे. स्वयंसेवक, संयोजन समिती, तांत्रिक साहाय्य, आदरातिथ्य विभाग. दोरीवर वाळत घातले की शेजारच्या काकू वाचून काढतात आणि विचारतात, ‘केवढी कामं करतो गं पोरगा! अभ्यासाला वेळ कधी मिळतो?’ काकूंनी वर्मावर बोट ठेवलंय हे त्यांना ठाऊक नाही.

दुसऱ्या बॅगेत पुस्तक. एकच. स्थानिक लेखकाचं, जे परीक्षेच्या तोंडावर अप्पा बळवंत चौकात घेतात. त्याचं प्लॅस्टिक अजून निघालेलं नसतं. ते टेबलावर ठेवून चिरंजीव मोबाइलवर कुणा हिंदी मास्तरांचं व्याख्यान लावतात आणि तेही दुप्पट वेगानं. मास्तर जीव तोडून बोलत असतात. सासूबाई स्वयंपाकघरातून विचारतात, ‘कुणाचं भांडण लागलंय गं?’ दीड तासाचं शिकवणं पाऊण तासात उरकलं की वाचलेल्या पाऊण तासात चिरंजीव झोपतात.

ह्यांना हे बघवत नाही. ह्यांची नोकरी एसटीच्या कराड आगारात, कार्यशाळेत. आयटीआय केलं आणि तेव्हापासून गाड्यांच्या पोटात हात घालतायत. मुलगा मेकॅनिकलला गेला याचा आनंद आमच्या घरात खरा झाला तो ह्यांना. पहिल्या सुट्टीत मोठ्या हौसेनं त्याला विचारलं, ‘काय रे, क्लच कसा काम करतो, सांग बरं.’ चिरंजीव म्हणाले, ‘बाबा, तो पुढच्या वर्षी आहे.’ ह्यांनी पुढच्या वर्षापर्यंत वाट पाहिली. आता उत्तर आलंय, ‘बाबा, तो ऑप्शनला टाकला.’ मिक्सर बंद पडला तेव्हा ह्यांनी घरात एक यंत्र अभियंता असताना तो दुकानात न्यायला साफ नकार दिला. मिक्सर अजून बंद आहे. चटण्या मी पाट्यावर वाटते आणि सगळे म्हणतात, आता चव आली.

अभ्यासापेक्षा मोठं प्रकरण सबमिशनचं. प्रत्येक विषयाचं जर्नल हातानं लिहायचं, त्यावर तारीखवार सह्या घ्यायच्या, मग ते जमा करायचं, तरच परीक्षेला बसता येतं. लिहायचं वर्षभर असतं. लिहितात ते दोन रात्रीत. सगळा वर्ग एकाच जर्नलवरून उतरवतो, ते जर्नल मागच्या वर्षीच्या कुणाचं तरी असतं आणि त्यानंही ते कुठून तरी उतरवलेलं असतं. मूळ प्रयोग कुणी केला, हा इतिहास संशोधनाचा विषय आहे. मागच्या दिवाळीत चिरंजीव ते गठ्ठे घेऊन घरी आले आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, ‘आई, तुझं अक्षर किती छान आहे.’ वीस वर्षांत हे पहिल्यांदा कुणाला सुचलं.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आमच्या जेवणाच्या टेबलावर कारखाना सुरू झाला. ह्यांनी समास आखले. सासूबाई तारखांचा शिक्का मारायला तयार होत्या, पण तारीख हातानंच घालायची असते. मी मजकूर लिहिला. उद्देश, साहित्य, सिद्धांत, निरीक्षणं, निष्कर्ष. यातला बर्नोलीच्या सिद्धांताचा प्रयोग मी दोनदा लिहिला, एकदा आमचा आणि एकदा नांदेडचा, कारण नांदेडला तेव्हा खरंच ताप होता. आडव्या नळीतून वाहणाऱ्या पाण्याचा वेग जिथं वाढतो तिथं त्याचा दाब कमी होतो. दोनदा लिहिल्यामुळे मला तो इतका पाठ झालाय की आमच्या घरात आज फ्लुइड मेकॅनिक्स फक्त मला येतं. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी हाच प्रश्न विचारला आणि चिरंजीवांना सांगता आला नाही. वर मला म्हणाले, ‘तू असतीस तर आठ मार्क कुठं गेले नसते.’

पण सिद्धांत खरा असला तरी चिरंजीवांना लागू होत नाही. त्यांच्यात दाब वाढल्याशिवाय वेग येत नाही.

लिहिता लिहिता मला उत्सुकता वाटली म्हणून हे बर्नोली कोण, ते वाचून काढलं. डॅनियल बर्नोलीनं 1738 साली हा सिद्धांत पुस्तकात मांडला. त्याचा बाप योहान हाही मोठा गणिती. बापाला वाटत होतं की पोरानं व्यापार करावा, मग वाटलं वैद्यक शिकावं. पोरगं वैद्यक शिकलं आणि शेवटी वळायचं तिकडेच वळलं. 1734 साली पॅरिसच्या अकादमीचं बक्षीस बापलेकांना विभागून मिळालं, तर मुलाची आणि आपली बरोबरी केली म्हणून बाप इतका संतापला की त्यानं डॅनियलला घरात पाऊल ठेवायला बंदी केली, असं सांगतात. मुलगा तेव्हा चौतीस वर्षांचा. पुढे बापानं त्याच विषयावर स्वतःचं पुस्तक काढलं आणि मुलाच्या आधी लिहिलंय असं दिसावं म्हणून त्यावर 1732 ही मागची तारीख घातली. ह्याला काय म्हणायचं? मागची तारीख घातलेली नोंद आमच्या ऑडिटरांनी पहिल्या पानावर पकडली असती. मी ही सगळी हकिकत चिरंजीवांना सांगितली, की बघ, बाप कसे असतात आणि तुझे बाबा समास आखून देतात. ते म्हणाले, ‘हे सिलॅबसमध्ये नाहीये.’

एवढ्या सगळ्यात पोरगं करतं तरी काय, असा प्रश्न कुणालाही पडेल. ऑगस्टमध्ये त्याचं उत्तर मिळालं. चिरंजीव पुरुषोत्तम करंडकात होते. 1963 पासून महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था महाविद्यालयांसाठी ही एकांकिका स्पर्धा घेते. पुण्यातल्या कॉलेजच्या पोरांना तिचं किती वेड असतं, ते भरत नाट्य मंदिरात जाऊन बघितल्याशिवाय कळायचं नाही. आम्ही दोघं रजा टाकून गेलो. बाहेर पोरं घसा फाटेपर्यंत ‘अरे आव्वाज कुणाचा’ करत होती. त्यात सर्वांत मोठा आवाज आमच्याचा होता. घरी ‘पाणी दे’ एवढं म्हणायचा ज्याला कंटाळा येतो, त्याचा.

पडदा उघडला. आम्ही चिरंजीवांची वाट बघतोय. पहिला प्रवेश झाला, दुसरा झाला. ह्यांनी मला कोपरानं विचारलं, मी मान हलवली. एकांकिका संपली, टाळ्या झाल्या, दिवे लागले. मग ते विंगेतून आले, घामानं थबथबलेले, डोळे चमकतायत, म्हणाले, ‘दार बघितलंत ना?’ रंगमंचावर एक दार होतं. ते चिरंजीवांनी केलं होतं. महिनाभर. दिवसा चौकट, रात्री तालीम. ते दोनदा उघडतं आणि एकदा आपोआप मिटतं, आणि ते आपोआप मिटण्यासाठी त्यांनी वजनं आणि दोरीची काहीतरी युक्ती केली होती. हे विंगेत गेले, वाकून, चष्मा वर करून अर्धा तास ते दार बघत बसले. परतीच्या गाडीत साताऱ्यापर्यंत काही बोलले नाहीत. साताऱ्याला चहा घेताना म्हणाले, ‘बिजागरी बरोबर बसवलीय.’ ह्यांच्या तोंडून यापेक्षा मोठी स्तुती मी लग्नानंतर ऐकलेली नाही, आणि मी स्वतःला त्यात धरूनच सांगतेय.

दाराची किंमत सप्टेंबरात कळली. कॉलेजात 75 टक्के हजेरी लागते. ती ज्यांची भरत नाही त्यांची यादी लागते आणि पालकांना बोलावणं येतं. चिरंजीवांची भरली होती 41. आम्ही पुन्हा रजा टाकून गेलो. सर वयानं लहान होते, माझ्या धाकट्या भावाएवढे. समोर चिरंजीव, शर्ट पँटमध्ये खोचलेला, केसाला पाणी लावलेलं. मी क्षणभर ओळखलंच नाही. सर म्हणाले, ‘मॅडम, तुमचा मुलगा कॉलेजला येतच नाही.’

आता हे मला मान्य होण्यासारखं नव्हतं. एखाद्याच्या खात्यावर चुकीची नोंद पडलेली मला बघवत नाही, मग ती मुलाची का असेना. मी पर्समधून मोबाइल काढला आणि सरांना मेसेज वाचून दाखवले. सोमवार, कॉलेजचं कॅन्टीन, नऊ पन्नास, 15 रुपये. अकरा पाच, 30 रुपये. एक वीस, 50 रुपये. तीन दहा, 15 रुपये. मंगळवार, तसंच. बुधवार, तसंच. म्हटलं, ‘सर, मुलगा रोज येतो. दिवसातून चार वेळा येतो. सुट्टीच्या दिवशीसुद्धा आलाय. तुमचं पत्रक काय म्हणतं ते मला माहीत नाही, बँकेचं खोटं नसतं.’

सर बराच वेळ त्या मोबाइलकडे बघत होते. मग म्हणाले, ‘मॅडम, ह्याला आम्ही हजेरी नाही म्हणत.’ चिरंजीव मात्र सरांकडे बघतच नव्हते. ते माझ्याकडे बघत होते. आजवरचा चहा, मॅगी, पोहे, सिनेमाची तिकिटं आणि एकदा कुणासाठी तरी घेतलेलं 240 रुपयांचं कानातलं, असं सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरून जाताना मला दिसलं. कानातल्याबद्दल मी आजवर अवाक्षर काढलेलं नाही. इथंही काढत नाही.

सरांनी हमीपत्रावर आमच्या सह्या घेतल्या आणि सोडलं.

त्या दिवसापासून रात्रीचे मेसेज बंद झाले. एकही नाही. पहिल्या रात्री मला बरं वाटलं, दुसऱ्या रात्री चुकल्यासारखं झालं, तिसऱ्या रात्री झोप लागेना. सुधारला की काय? सकाळी दहाला एक मेसेज आला, 55 रुपये खर्ची, लातूरच्या नावे. दुसऱ्या दिवशी 70, लातूरच्याच नावे. मी काय ते समजले. रात्रीचा खर्च आता लातूर करतो आणि सकाळी आमचे त्याची भरपाई करतात. बेरीज तीच, खातं बदललं. मी लातूरच्या आईचा नंबर मिळवला. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत. मी म्हटलं, ‘ताई, तुमच्या मोबाइलवर रात्री मेसेज येतात का हो?’ त्या म्हणाल्या, ‘येतात की! अलीकडे तर दुप्पट येतात. मला वाटलं, लेकराची भूक वाढली.’ तेव्हापासून आम्ही दोघी रोज सकाळी ताळेबंद जुळवतो. दोघींचा जुळला की मग मी डबा घेऊन ऑफिसला निघते.

डब्यावरून आठवलं. खरं तर हे सगळं लिहायला मी डब्यांसाठीच बसले होते.

आम्ही पुण्याला जाणाऱ्या गाडीच्या चालकाकडे डबे देतो. ह्यांच्या ओळखीचे सगळे. स्वारगेटला चिरंजीव उतरून घेतात. शेंगदाण्याचे लाडू, चकल्या, खर्डा, सुक्या बोंबलाची चटणी (ही जळगावला चालत नाही, म्हणून वेगळ्या डब्यात), दिवाळीत सगळं फराळाचं. फराळ दोन दिवसांत संपतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. चार जिल्हे खाणारे म्हटल्यावर संपणारच. माझा प्रश्न एवढाच आहे की डबा कुठं जातो? आपल्याकडे शेजारणीची वाटीसुद्धा रिकामी परत करत नाहीत, चिमूटभर साखर घालून देतात. इथं साखर राहू दे, डबाच येत नाही.

शेवटी मी समक्ष त्या खोलीवर गेले. खोलीचं वर्णन करत नाही. घरमालक हा लेख वाचतात की काय कोण जाणे. मी दिलेला कुकर सापडला. त्यात चार्जर ठेवले होते, ‘म्हणजे हरवत नाहीत’. मग शिट्टी कुठल्या कुकरची व्हायची? तर नांदेडच्या. फळीवर मात्र स्टीलचे डबे ओळीनं लावलेले. मी एकेक उलटा करून तळ वाचला. आपल्या भांड्यांवर नावं घातलेली असतात हे किती बरं आहे, ते मला त्या दिवशी समजलं. एकावर ‘वास्तुशांतीनिमित्त सप्रेम भेट, 1991’. एकावर ‘मंगळागौर’ आणि पुढे पुसट झालेलं आडनाव. एकावर कुठल्याशा सहकारी दूध संस्थेच्या रौप्यमहोत्सवाचा उल्लेख. एका भल्या थोरल्या डब्यावर ‘डोहाळजेवण’, ज्या बाळाचं ते होतं ते एव्हाना स्वतः नोकरीला लागलं असेल. एकही आमचा नाही, लातूरचा नाही, जळगावचा नाही, नांदेडचाही नाही. मी चौघांना रांगेत उभं करून विचारलं, हे कुणाचे? जळगाव म्हणाला, ‘काकू, आम्ही राहायला आलो तेव्हापासून आहेत.’ मग आपले कुठं गेले? सातारा म्हणाले, ‘अगं, फिरतात ते.’

म्हणजे हा सगळा व्यवहार वर्षानुवर्षं चालू आहे. पुण्यातल्या खोल्याखोल्यांतून महाराष्ट्रभरच्या आयांचे डबे फिरत असतात, एकाची चकली संपली की त्यात दुसऱ्याचा चिवडा जातो, तिसरा तो सबमिशनच्या रात्री वरच्या मजल्यावर नेतो, आणि मुलगा पास होऊन निघून जातो तेव्हा डबा तिथंच राहतो. कुठं नोंद नाही, पावती नाही.

मी त्या फळीवरचे डबे उचलून कराडला आणले आहेत. घासून, पुसून, मांडणीवर वेगळे ठेवले आहेत आणि वहीत प्रत्येकाचा तळ उतरवून घेतला आहे. ज्यांची 1991 साली वास्तुशांत झाली असेल, किंवा ज्यांच्या घरात मंगळागौरीच्या डब्याचा सेट अर्धवट असेल, त्यांनी खूण सांगावी आणि डबा घेऊन जावा. आणि तुमचा मुलगा, भाचा, पुतण्या गेल्या काही वर्षांत पुण्यात कॉट बेसिसवर राहून आला असेल, तर कृपा करून घरातले डबे एकदा उलटे करून बघा. माझा रुखवतातला पाच डब्यांचा सेट आहे, तळाला माझं माहेरचं नाव आहे आणि सर्वांत धाकट्याचं झाकण थोडं वाकडं बसतं. सापडला तर कराडकडे येणाऱ्या कुठल्याही एसटीच्या चालकाकडे द्या, आगारातल्या वर्कशॉपला पोचवा म्हटलं की पुरे. धुतलेला नसला तरी चालेल.